पंचनामा, पान तीन

दोरी गळ्याला नव्हती, घोट्याला होती,
हे आधी लिहायला हवं.
साहेब म्हणाले, बाई, पंचांना चहा सांगा.
मी चहा सांगितला. परत येऊन
ओल्या वाळूत उकिडवी बसले, पँटची शिवण ताणली
(पुरुषांच्या मापाची आहे, अर्ज तीन वर्षं पडून)
आणि दोरी बघितली.

रमाकांत सारंग, वय चव्वेचाळीस, ट्रॉलरमालकाचा हिशेबनीस,
देवगडच्या खाडीत, ओहोटीला,
खडपात अडकलेला.
पायाला जुन्या इंजिनाचं चाक. डोळे माशांनी नेलेले.
डिझेलची वही सापडली नाही.

संशयित सकाळी आठलाच ठरला होता,
आधी लिलावात, मग चहाच्या टपरीवर, मग ठाण्यात.
तो बहादूर.
कुठला? बंदरात ऐंशी बहादूर आहेत,
आंब्याच्या राखणीला आणखी दोनशे.
हवालदाराने लिहिलं: बहादूर नेपाळी.
वडिलांचं नाव: माहीत नाही.

कोठडीत मी विचारलं
तेव्हा तो आधी उभा राहिला, मग बोलला.
जगतराम डगौरा. बाप फूलराम. जिल्हा कैलाली.
डोंगरातला ना तू?
नाही मॅडम, आमच्याकडे डोंगर नाही.
सपाट आहे. भात होतो.
आठ हंगाम हा आमची जाळी ओढतोय
आणि आम्ही त्याला हिमालयावर बसवून ठेवलाय.

त्याच्या बायकोची झडती माझ्याकडे.
बाईला हात लावायला बाई लागते,
एरवी लागत नाही.
कमरेच्या पिशवीत बाळाच्या लसीचं कार्ड,
एकशे साठ रुपये, हापूसची वाळलेली कोय.
घरी नेऊन लावणार, म्हणाली.
जप्तीच्या यादीत मी कोय लिहिली नाही.

आता गाठ.
माझी आई जाळी विणायची. तिच्या मांडीशी बसून
मी अक्षरं आणि गाठी एकदमच शिकले.
जगतरामच्या पिशवीच्या तोंडाला त्याची गाठ होती:
साधी, दोनदा मारलेली, जनावर बांधतात तशी.
घोट्यावरची वेगळी.
ती स्वतःच्याच खालून जाते,
शेपूट आत लपवते,
भिजली की आवळते.
ती आमच्या गाबीतवाडीत मारतात.
आणि ती डावीकडून मारणारा
वाडीत एकच माणूस आहे.
भरतीच्या वेळी मला धावायचे बूट
त्यानेच आणून दिले होते.

साहेब बराच वेळ पंख्याकडे बघत राहिले.
गाठीवरून काय सिद्ध होतं, बाई?
स्वयंपाकघर आहे का हे?
मग हळू आवाजात: तुमचाच काका ना?
त्या बहादूरचं कोण येणार आहे विचारायला.

काकी घरी म्हणाली,
"खाकी घातलंस म्हणान रगात बदलला काय गो तुजा?"
आणि बांगड्याचं तिखलं वाढलं, तिरफळ घालून.
मी जेवले. चांगलं झालं होतं.

ठाण्यात बायकांसाठी संडास नाही.
रात्रपाळीला मी टॉर्च घेऊन एसटी स्टँडवर जाते.
येताना गजांमागून तो विचारतो,
मॅडम, भरती किती वाजता?
सवयीने विचारतो. बोटीची वेळ
त्याच्या अंगात अजून चालू आहे.
पावणेचारला, मी सांगते.

पान तीन पुन्हा लिहायचं आहे, गाठीशिवाय.
पेन साहेबांचं, छान चालतं.
वर मी नाव लिहिते, पूर्ण, बापासकट.
मग लिहिते, उजव्या घोट्याला,
आणि थांबते.

टेबलाखाली माझी बोटं
फाईलच्या नाडीला गाठ मारतायत,
स्वतःच्याच खालून,
शेपूट आत.